मणक्यातली गादी म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर नव्हे: एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ट्रॅक्टर चालवणाऱ्यांच्या कंबरदुखीवरच्या माझ्या लेखातल्या तीन गोष्टी तुम्हाला खटकल्या. मणक्यातल्या गादीचा ५ हर्ट्झला (सेकंदाला ५ हेलकावे) अनुनाद होतो, म्हणजे त्या गतीच्या कंपनाला ती सर्वाधिक हलते, हे माझं विधान चूक आहे. गादी मुळातच शॉक अ‍ॅब्सॉर्बर असेल, तर ती धक्क्यांनी बिघडेल कशी? आणि जुळ्या भावांवरच्या अभ्यासात वाहन चालवण्याचा गादीवर परिणाम दिसला नसताना मी लोकांना घाबरवतो आहे.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. गादी वरखालच्या मणक्यांसकट यंत्रात धरली आणि वर धडाइतकं वजन ठेवलं, तर तिची नैसर्गिक वारंवारता २० हर्ट्झच्या पुढे जाते. ४ ते ६ हर्ट्झ हा आकडा बसलेल्या अख्ख्या माणसाचा आहे. धड, पोटातले अवयव, बैठकीचं मांस, पुढेमागे डुलणारं ओटीपोट हे सगळं मिळून त्या पट्ट्यात सीटपेक्षा जास्त हलतं. मी ते गादीच्या नावावर टाकलं, ही माझी चूक.

पण त्यामुळे गादीची सुटका होत नाही. वरचं धड सीटपेक्षा जास्त हललं की तो जादा जोर कमरेच्या मणक्यांतूनच खाली जातो. शिवाय पाठीचे स्नायू धक्क्याला उत्तर द्यायला क्षणभर उशीर करतात. ५ हर्ट्झला एक आवर्तन ०.२ सेकंदाचं. एवढ्या वेळात तो उशीर भारी पडतो: आधार हवा तेव्हा स्नायू ढिले, आणि ते आवळतात तेव्हा गादीवरचा दाब उलट वाढलेला असतो.

आता शॉक अ‍ॅब्सॉर्बरबद्दल. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. गाडीच्या शॉकअपमध्ये तेल छिद्रातून ढकललं जातं आणि ऊर्जा तिथेच उष्णता होऊन संपते. गादीतही पाणी आहे. तरुणपणी तिच्या गराचा सुमारे ८० टक्के किंवा त्याहून जास्त भाग पाणीच असतो. पण ते बाहेर पडायला तासन् तास लागतात. म्हणूनच सकाळच्या मानाने संध्याकाळी आपली उंची दीड सेंटिमीटरच्या आसपास कमी भरते आणि रात्री झोपेत भरून निघते. ०.२ सेकंदात पाणी हलतच नाही. अशा वेळी गर जवळपास न दबणाऱ्या द्रवासारखा वागतो, त्याचा दाब चढतो, भोवतीच्या तिरक्या तंतूंच्या कड्या ताणल्या जातात आणि मणका व गादी यांच्यामधली पातळ पट्टी फुगते. भार जितका झपाट्याने येईल तितकी गादी ताठ होते. तिची ऊर्जा जिरवण्याची क्षमता शून्य नाही, पण धक्के गिळण्याचं खरं काम गुडघे, घोटे आणि स्नायू करतात. बसलेल्या माणसाचे गुडघे-घोटे त्या कामातून बादच झालेले असतात.

आणि संख्या बघा. सेकंदाला ५ म्हणजे तासाला १८,००० आवर्तनं. मृत मणक्यांवरच्या प्रयोगांत, एका वेळेला सहज पेलला जाणारा भार हजारो वेळा दिला की आधी तडकते ती ही पातळ पट्टी. धातूचा थकवा, म्हणजे पुन्हा पुन्हा भार आल्याने धातू तडकणं, तुम्हाला मी सांगायला नको. फरक इतकाच की हे जिवंत ऊतक दुरुस्तही होतं, पण गादीच्या आतपर्यंत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती दुरुस्ती फार सावकाश चालते.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार. २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या फिनलंडच्या त्या अभ्यासात एकसारख्या जुळ्या भावांच्या ४५ जोड्या होत्या. एकाने आयुष्यभर वाहन चालवलेलं, दुसऱ्याने फारसं नाही. एमआरआयमध्ये दोघांच्या गाद्यांची झीज सारखीच निघाली. झीज ठरवण्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. मात्र तो अभ्यास झिजेचा होता. एमआरआयमधली झीज आणि दुखणं यांची जोडी नेहमी जुळत नाही. आपल्याकडे रिपोर्ट पाहून 'मणक्यात गॅप आलीय' म्हणतात, तेवढ्याने दुखण्याचं कारण सापडत नाही. जास्त कंपनं सोसणाऱ्या चालकांत कंबरदुखी जास्त असते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्याच २००२ साली युरोपियन संघाने कामगारांसाठी आठ तासांच्या कंपनाच्या त्वरणाची मर्यादा ठरवली: ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झालं की मालकाने उपाय करायचे, १.१५ च्या वर जायचंच नाही.

लेख लिहायला बसलो तो माझ्या काकांमुळे. नांगरणीच्या दिवसांत ते ट्रॅक्टरच्या सीटवर जाड फोमची उशी बांधायचे आणि तरी रात्री पाठ टेकवत नसे. कारण तुम्हाला लगेच कळेल: फोमच्या बैठकीवर माणूस बसला की तिचा अनुनाद ४ हर्ट्झच्या जवळपास येतो, आणि धक्क्यांची वारंवारता त्या अनुनादाच्या वर्गमूळ दोन (सुमारे १.४) पटीपलीकडे गेल्याशिवाय कंपन कमी होत नाही. म्हणजे नेमक्या नको त्या पट्ट्यात ती उशी धक्का वाढवत होती. त्यांना हवी होती एक-दोन हर्ट्झलाच अनुनाद होणारी, स्प्रिंग आणि डँपर (हेलकावे जिरवणारा भाग) असलेली, चालकाच्या वजनाप्रमाणे जुळवता येणारी सीट. उतरल्या उतरल्या खताची पोती उचलण्याआधी दहा मिनिटं चालणंही हवं होतं, कारण तासन् तासांच्या कंपनानंतर पाठीचे स्नायू दमून आणखी उशिरा जागे होतात.

मूळ लेखातलं वाक्य आज बदललं आहे. आता ते असं आहे: 'बसलेल्या माणसाचं शरीर ४ ते ६ हर्ट्झला सर्वाधिक हलतं आणि त्याचा भार कमरेच्या गाद्यांवर येतो.' जुळ्यांचा अभ्यासही त्याखालीच जोडला आहे.