मालदीवला असतो म्हणे!

मी मालदीवला असतो म्हटलं की नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर पाण्यावरची झोपडी उभी राहते आणि तिच्या कठड्यावर तंगड्या टाकून बसलेला मी. मागच्या वर्षी एका लग्नात मावशीने मला मांडवभर फिरवलं. "हा आमचा, मालदीवला असतो!" लगोलग तिघांनी हनिमून पॅकेजचे भाव विचारले. मी तिथे सातवीला अपूर्णांक शिकवतो हे कळल्यावर त्यांचे चेहरे असे काही पडले, की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मालदीवमध्ये सुमारे १,१९० बेटं आहेत. त्यातल्या जेमतेम २०० बेटांवर तिथली माणसं नांदतात, रिसॉर्टांची बेटं निराळी. जाहिरातीत दिसतात ती रिसॉर्टांची, मास्तर लागतात ते माणसांच्या बेटांवर. मी ज्या बेटावर आहे त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर मी कोण ते पाच मिनिटांत कळेल, कारण इथे गणिताचा परदेशी मास्तर एकच आहे. बेट किलोमीटरभर लांब. पूर्ण फेरी मारायला पंचवीस मिनिटं लागतात. वाटेत भेटणाऱ्या पालकांशी बोलत गेलं तर दीड तास.

नोकरीबद्दल माझी काही तक्रार नाही. माध्यम इंग्रजी, वरच्या वर्गांना केंब्रिजच्या परीक्षा, पोरं चलाख. त्यांचं एकच दुखणं, उत्तर बरोबर लिहितात आणि पायऱ्या गाळतात. मी गुण कापतो. सगळ्यांत जास्त कापलेत ते सातवीतल्या एका पोराचे. तो समोरच्या नारळाच्या झाडाकडे बघतो, उत्तर लिहितो आणि पेन खाली ठेवतो. पगार रुफियात मिळतो. डॉलरला १५.४२ रुफिया हा सरकारी दर वर्षानुवर्षं तसाच आहे, त्यामुळे चलनाची जुनी गणितं नव्या प्रश्नपत्रिकेत बिनधास्त घालता येतात. बाजारातला दर वेगळा असतो, पण तो अभ्यासक्रमात नाही.

गाडी अडते ती सुट्टीशी. इथे आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारची, आणि रविवारी सकाळी शाळा. इथल्या दिवेही भाषेत रविवारला 'आदीत्त' म्हणतात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भरून आलं होतं. अरे, हा तर आपला आदित्यवार! सोमवार 'होम', मंगळवार 'अंगारा', बुधवार 'बुद', गुरुवार 'बुरासफती'. दिवसाला 'दुवस', माशाला 'मस'. 'स'चा 'ह' करायची खोड सोडली तर भाषा आपल्याच चुलत घराण्यातली. (लिपी मात्र उजवीकडून डावीकडे. तिची पहिली नऊ अक्षरं अरबी अंकांवरून आली आहेत, त्यामुळे दुकानाची पाटी मला कायम अर्धवट सोडवलेल्या बेरजेसारखी दिसते.) पण चुलत घराणं झालं म्हणून काय आदित्यवारी शाळा भरवायची?

आई फोन करते तो नेमका रविवारी सकाळी. मी तिसऱ्या तासाला लसावि शिकवत असतो आणि खिसा थरथरतो. मधल्या सुट्टीत उलट फोन केला की पहिला प्रश्न, "झोपला होतास का रे?" इथलं घड्याळ भारताच्या अर्धा तास मागे असतं, एवढं तिने पक्कं धरलंय. त्यामुळे मी काहीही सांगितलं तरी ती अर्धा तास वजा करते आणि मला झोपलेला ठरवते. उलट शुक्रवारी मी मोकळा असतो, तेव्हा तिकडे झाडून सगळे कामावर.

शुक्रवारी करायचं तरी काय? आमच्याकडे त्या दिवशी फेरीबोट नसते. दुपारच्या नमाजाला दुकानं बंद होतात आणि अख्खं बेट स्वच्छ कपडे करून मशिदीकडे निघतं. रस्त्यावर उरतो मी आणि मांजरं. कुत्र्याचीही सोबत नाही, कारण या देशात कुत्री आणायलाच बंदी आहे.

मग मी जोअलीत जाऊन बसतो. लोखंडी सांगाड्याला दोरीची जाळी विणून केलेली ही ओळीने मांडलेली आसनं धक्क्याजवळ झाडाखाली असतात. मला ती झोळीच वाटते, नावही जवळ जाणारं. तिच्यात बूड एकदा खाली गेलं की आपलं आपल्याला उठता येत नाही, आणि हे प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. नमाजाहून येणारा पहिला बाप शेजारच्या जोअलीत उतरतो, बाजाराची चार वाक्यं बोलतो आणि विषयाला हात घालतो. "सर, आमच्याला भूमितीत बारा का?" जाळीत अडकलेल्या टुना माशाला काय वाटत असेल ते मला ठाऊक आहे.

बेटावर बिकिनी बीच म्हणून एक किनाऱ्याचा तुकडा आहे. गेस्टहाउसमध्ये उतरणाऱ्या परदेशी पाहुण्यांना तोकड्या कपड्यांत पोहता यावं म्हणून तो आडोसा करून राखून ठेवलाय. मीही परदेशी आहे, पण पाहुणा नाही. मी नुसता त्या बाजूने चालत गेलो तरी रविवारी स्टाफरूममध्ये चौकशी होते, "सर, काल तिकडे काही काम होतं का?"

शेवटी पैसे साठवून एका रिसॉर्टचा दिवसभराचा पास काढला. म्हटलं, इथे तरी मला कुणी ओळखणार नाही. बोटीतून उतरलो तर तिथलं घड्याळ तासभर पुढे! पाहुण्यांना उजेडाची संध्याकाळ जास्त मिळावी म्हणून बरीच रिसॉर्टं आपलं वेगळंच घड्याळ लावतात. पैसे दिवसाचे भरले, त्यातला एक तास धक्क्यावर पाय टाकतानाच गेला. उरलेल्या वेळात छत्रीखाली आडवा झालो, डोळे मिटले, आणि थंड सरबताचा ट्रे घेऊन आलेला तरुण वाकून म्हणाला, "सर! धाकट्याचं कसं चाललंय?"

ही सगळी दुखणी एकीकडे आणि मी दोन वर्षं लपवलेलं गुपित एकीकडे. मला पोहता येत नव्हतं. चारी बाजूंनी समुद्र असताना हे लपवायला बरीच अक्कल लागते. सर्दी, कानदुखी, नुकतंच जेवलोय, सगळं वापरून झालं होतं. एके दिवशी धोणीतून, म्हणजे इथल्या बोटीतून, धक्क्यावर उतरताना पाय सटकला. पाणी छातीपर्यंतच होतं, पण ते मला नंतर कळलं. तोवर मी जे काही ओरडलो ते शुद्ध मराठीत होतं, आणि धक्क्यावरच्या एकालाही भाषांतर लागलं नाही.

शनिवारी दुपारी साडेचारला दारात तोच. नारळाकडे बघून उत्तर लिहिणारा. बरोबर दोन मित्र आणि एक रिकामा तेलाचा कॅन. "सर, चला."

"अरे, पेपर तपासायचेत."

"आमचेच आहेत ना? सावकाश तपासा."

पाच शनिवार तो मला उथळ पाण्यात घेऊन जात होता. कॅन पोटाशी धरा, मान मागे, श्वास सोडू नका. मी वर्गात बोलतो तोच सूर, तेच कमरेवर हात, तेच "घाई नको, पुन्हा करा". काठावर प्रेक्षक वाढत गेले. तिसऱ्या शनिवारी तर भूमितीत बारावाल्याचा बाप घडीची खुर्ची घेऊन आला.

पाचव्या शनिवारी कॅन सुटला आणि मी बुडालो नाही. कसा ते विचारू नका. हात कुठे होते, पाय कुठे होते, मला काही आठवत नाही. वर आभाळ होतं आणि कानात समुद्र. मग पाय वाळूला लागले, काठावर टाळ्या पडल्या, "रंगळु! रंगळु!" असा गलका झाला. छान, छान! मी ऐटीत त्याच्याकडे पाहिलं.

"अकरा सेकंद," तो म्हणाला. त्याने थोडा विचार केला. "पण सर, पायऱ्या दाखवल्या नाहीत. पाचपैकी दोन."

मी फेरतपासणी मागितली. ती नामंजूर झाली, फेरपरीक्षा मिळाली. उद्या, शाळा सुटल्यावर.

रात्री आईला फोन केला. "उद्या रविवारी फोन करू नकोस गं, फेरपरीक्षा आहे."

"कुणाची रे, मुलांची?"