वणीला पायी निघण्याआधी पेनकिलर? एक खुलासा

“चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी निघताना आयबुप्रोफेन आधीच घ्या, पाय दुखणार नाहीत,” हा मेसेज नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला. चुकलंच माझं.

उन्हात घामाने अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा प्रोस्टाग्लँडिन या शरीरातच तयार होणाऱ्या रसायनाच्या जोरावर टिकतो, आणि ही गोळी नेमकं तेच रोखते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ८० किलोमीटर धावणारे ८९ जण होते. दर चार तासांनी ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन घेणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांच्या मूत्रपिंडाला इजा दिसली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ३४ टक्के. धावणं वेगळं, पायी यात्रा वेगळी, मान्य. पण ऊन आणि घाम तोच.

बीपीची औषधं चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊच नये. मी मेसेज डिलीट केलाय. तुम्हीही कृपया पुढे पाठवू नका.