‘मिळेल ती गाडी काढा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोलापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: नवजात बाळ सीरियस झालं तर १०८ची वाट बघू नका, मिळेल ती गाडी काढा, बाळ चादरीत गुंडाळा, एसी लावा, वाटेत साखरेचं पाणी पाजा आणि थेट पुणं गाठा. कळकळ खरी असेल, सल्ला घातक आहे.

आधी चादर. आपली सोलापुरी चादर कितीही जाड असो, ती ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवते. गार पडलेलं बाळ गुंडाळलं तर आत गारच राहतं. शिवाय इतक्या लहान जिवाला मोठ्यांसारखी हुडहुडी भरत नाही, म्हणून गारठलेलं लवकर कळत नाही. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस हवं. त्याखाली गेलं की ऑक्सिजन जास्त लागतो, साखर उतरते. बाळाला ऊब देणारी काचेची पेटी नसेल आणि डॉक्टर हो म्हणाले, तर टोपी-लंगोटावरचं बाळ आईच्या उघड्या छातीशी, चादर वरून. सिझर झालेली आई येणार नसेल तर बाप चालतो, आजीही चालते. गरम पाण्याची बाटली नको, कातडी भाजते. आणि मे महिन्यात बाहेर ४३ अंश असले, तरी एसीचा झोत बाळावर नको. घाम मोठ्यांना येतोय, त्यांनी सोसावा.

साखरेचं पाणी तर नकोच. धाप लागलेल्या बाळाच्या तोंडात घातलेलं फुप्फुसात जाऊ शकतं. टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबावर शुगर बघतात. ४५च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली असेल तर ग्लुकोज शिरेतून, तेही निघण्याआधी.

आता वेग. अक्कलकोट ते सोलापूर चाळीसेक किलोमीटर. गाडी पळवून वाचणार दहा मिनिटं. ऊब, श्वास, शुगर जागेवर आणायला अर्धा तास गेला तरी तो वाया जात नाही. २०१४पासून राज्यात धावणाऱ्या १०८मध्ये ऑक्सिजन असतो, पैसे लागत नाहीत. प्रत्येक गाडीत पेटी नसते, तेव्हा फोनवरच विचारा. गाडी मिळतच नसेल तर दिवसभर बसून राहू नका, एवढं मेसेजचं बरोबर.

थेट पुणं? अडीचशे किलोमीटर! आधी डॉक्टरांना सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलला फोन लावायला सांगा. सोबत चिठ्ठी हवी: जन्मवेळ, वजन, रडलं का, कोणतं इंजेक्शन किती वाजता. आईच्या रक्ताचा नमुनाही घ्या. बाळाला रक्त चढवायची वेळ आली तर जुळवायला तो लागतो, आणि आई तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात असते.