हॉलंड कच खाणारी टीम नाही

"फायनल आली की हॉलंड कच खाते" हे हॉलंडच्या फुटबॉल टीमवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. १९७८ ची वर्ल्डकप फायनल बघा ना, अर्जेंटिनाच्या घरच्या मैदानावर १-१ असताना अगदी शेवटच्या क्षणी हॉलंडच्या रेन्सेनब्रिंकचा शॉट पोस्टला लागून परत आला, चार बोटं आत असता तर कप तेव्हाच घरी गेला असता, मग एक्स्ट्रा टाइममध्ये ३-१ ने मॅच गेली. याला कच खाणं म्हणतात का?

२०१० ची स्पेनविरुद्धची वर्ल्डकप फायनल तर मी रात्रभर जागून पाहिलीय, हॉलंडचा रॉबेन एकटा स्पेनचा गोलकीपर कॅसियासच्या समोर, मी खुर्चीतून उठलोच, आणि बॉल कॅसियासच्या पायाला लागून बाहेर! नंतर ११६ व्या मिनिटाला स्पेनच्या इनिएस्टाचा गोल, अजून डोळ्यासमोर आहे. आणि १९८८ ची युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) फायनल हॉलंडने जिंकली ती लेखात कुठेच नाही.