काटा कुणाचा?

आमच्या आण्णांची खिशातली एक डायरी अजून माझ्या कपाटात आहे. १९९४ सालची, कुठल्यातरी खतवाल्यानं दिवाळीला वाटलेली. डिसेंबरच्या पानांवर आकड्यांच्या दोन रांगा आहेत. डावीकडं वर लिहिलंय 'बाहेर', उजवीकडं 'आत'. ८.४२० आणि ८.१९०. खाली ८.१०५ आणि ७.८८०. अशी सलग चार पानं.

ऊसवाल्या घरातल्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. रात्री रस्त्यावरच्या खाजगी भुईकाट्यावर ट्रॉली चढवायची, वजनाची चिठ्ठी घ्यायची, ती टोपीच्या घडीत घालायची आणि मग कारखान्याच्या लायनीत जाऊन उभं राहायचं. बाहेर वजन करून आलाय हे आत कळलं तर ट्रॉली बाजूला लावतील, ही भीती. ऊस काय, उभ्या ट्रॉलीत वाळतो. वाटेत चार मोळ्या पडतात, काट्या-काट्यात थोडा फरक असतो, हे आण्णांना मान्य होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की फरक दर वेळी एकाच बाजूला कसा पडतो? कारखान्याचं नाव लिहीत नाही. आण्णांनी जन्मात कधी भांडण काढलं नाही, आता त्यांच्या माघारी मी कशाला काढू.

पटत नाही म्हणून दुसऱ्या कारखान्याला ऊस घालावा, तर तेव्हा झोनबंदी होती. तुमचं रान ज्याच्या झोनमध्ये, ऊस त्यालाच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं तिच्याविरुद्ध रान उठवलं होतं, हे आमच्या वयाच्या लोकांना आठवत असेल.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात भाचा आला होता. सांगलीच्या वालचंद कॉलेजचा इंजिनिअर, बेंगळुरूत मोठ्या कंपनीत आहे. चहा घेताना मी सहज म्हटलं, तुमच्या धंद्यातल्या गूगल-फेसबुकसारख्या चार-पाच कंपन्यांनी आता आम्हाला झोनमध्ये घातलंय. तो हसला. म्हणाला, "मामा, जबरदस्ती करतंय काय कोण? मॅप फुकट, मेल फुकट, सर्च फुकट. नको असलं तर दुसरं वापरा की."

मी म्हटलं, कारखाना पण दिवाळीला सभासदाला स्वस्तात साखर द्यायचा. साखर घरात आली की आज्जी खूश, आजूबाजूचे खूश. काट्याकडं बघतंय कोण?

त्याला ते पटलं नाही. मग मी त्याला मार्केट यार्डात नेलं, म्हणजे बोलण्यातच. मी यार्डातल्या पाच-सहा दुकानांचे हिशेब बघतो, त्यामुळं माझी सगळी उदाहरणं तिथनंच येतात, याला इलाज नाही. हळदीच्या सौद्यात शेतकऱ्याचा माल लावणारा अडत्या वेगळा असतो, घेणारा खरेदीदार वेगळा आणि यार्ड चालवणारी बाजार समिती वेगळी. तिघांत साटंलोटं होत नाही असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. पण निदान माणसं तीन आहेत. एकाशी बिनसलं तर दुसऱ्याच्या कानावर घालता येतं. आता समजा, शेतकऱ्याचा अडत्या, खरेदीदाराचा माणूस आणि यार्डाचा मालक एकच आहे. सौदा तोच पुकारणार, बोली तोच लावणार आणि पट्टी, म्हणजे शेवटचा हिशेबही तोच करणार.

इंटरनेटवरच्या जाहिरातींचा बाजार असाच आहे. तुम्ही एखाद्या बातमीची लिंक उघडता, पान लोड होईपर्यंत त्यातल्या रिकाम्या चौकटीचा लिलाव होऊन गेलेला असतो. चौकट विकणारी वेबसाइट जे सॉफ्टवेअर वापरते ते बहुतेक वेळा गूगलचं. जाहिरात देणारा वापरतो तेही बऱ्याचदा गूगलचं. मध्ये ज्या बाजारात लिलाव होतो तोही गूगलचा, आणि त्याची अडत, म्हणजे कमिशन, शंभराला वीसच्या आसपास. आमच्या यार्डात कुणी वीस टक्के अडत मागितली तर हमालसुद्धा हसतील. अमेरिकेतल्या खटल्यात गूगलच्याच एका कर्मचाऱ्याचं जुनं लिखाण पुढं आलं. एखाद्या बड्या बँकेच्याच मालकीचा न्यूयॉर्कचा शेअर बाजार असावा, तसं हे आहे, असं त्यानं लिहून ठेवलं होतं. बाहेरच्यानं आरोप केला तर ठीक, इथं आतलाच माणूस आण्णांसारखी डायरी लिहीत होता. १७ एप्रिल २०२५ ला व्हर्जिनियाच्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी निकाल दिला, की वेबसाइटवाल्यांचं सॉफ्टवेअर आणि लिलावाचा बाजार या दोन्हींत गूगलची मक्तेदारी बेकायदा आहे. त्याच सप्टेंबरात युरोपनं याच धंद्यावरनं २.९५ अब्ज युरोचा दंड लावला.

"नको असलं तर दुसरं वापरा" याचं उत्तर तर दुसऱ्या एका निकालात आयतंच आहे. ५ ऑगस्ट २०२४, वॉशिंग्टन, अमेरिकेच्या सरकारनं गूगलच्या सर्चवरनं भरलेला खटला, न्यायाधीश अमित मेहता. फोन आणि ब्राउझर उघडला की पहिलं सर्च आपलंच दिसावं म्हणून गूगलनं २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले. २०२२ मध्ये एकट्या ॲपलला २० अब्ज. लोक खरोखरच उठून दुसरं वापरत असते, तर पहिल्या जागेसाठी एवढा पैसा कुणी ओतला असता? मी भाच्याला हेच विचारलं. तो म्हणाला, पण सर्च चांगलंच आहे की. आहेच. आण्णांच्या कारखान्याची साखरही चांगलीच होती.

(त्या खटल्यात पुढं, सप्टेंबर २०२५ मध्ये, गूगलला क्रोम ब्राउझर विकायला लावा ही सरकारची मागणी मेहतांनी फेटाळली. फक्त आमचंच ठेवा असे करार करायचे नाहीत, पण पैसे देऊन जागा घ्यायला हरकत नाही, असं काहीसं मधलं ठरलं.)

आपल्याकडंही झालंय, पण दंडाचे आकडे बघून हुरळून जायला नको. स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला. पेपरात केवढे मथळे! मी हिशेबी माणूस, कॅलक्युलेटर घेऊन बसलो. गूगलच्या मूळ कंपनीचा त्या वर्षीचा नफा होता ६० अब्ज डॉलर. भागिले ३६५. म्हणजे दंड साधारण एका दिवसाच्या नफ्याएवढा. पाच दिवसांनी ॲपच्या दुकानातल्या पेमेंटवरनं आणखी ९३६.४४ कोटींचा दंड झाला, तो अपिलात मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला.

त्या ॲपच्या दुकानाचीही एक गोष्ट आहे. १ मार्च २०२४ ला, ऐन लग्नसराईच्या तोंडावर, गूगलनं लग्न जमवणारी आणि नोकरी शोधून देणारी काही नावाजलेली भारतीय ॲप प्ले स्टोअरवरनं काढून टाकली. भांडण कमिशनचं. थेट केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातलं तेव्हा चार-पाच दिवसांत ती परत दिसायला लागली. आता ती बड्या कंपन्यांची ॲप होती, त्यांच्यासाठी दिल्लीत फोन गेले. आमच्या वहिनींसाठी कोण फोन करणार?

वहिनींचं सांगायलाच पाहिजे. हरिपूर रस्त्याला राहतात, लॉकडाऊननंतर हळद पावडरीचं काम सुरू केलं. सांगलीची हळद, २०१८ ला तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, मालात खोट काढायला जागा नाही. खरेदी-विक्रीच्या एका मोठ्या साइटवर अर्धा किलोचं पाकीट लावलं, १९९ रुपयांना. कमिशन, कुरिअर, कसल्या कसल्या फी जाऊन हातात ११८ यायचे. माल आणि पॅकिंगचा खर्च एकशे दहाच्या घरात. सात-आठ रुपये सुटत होते, त्यावरही त्या समाधानी होत्या. बाई चिकाटीची आहे.

एक दिवस महिन्याचा हिशेब माझ्याकडं घेऊन आल्या. "भावजी, हे बघा हो जरा. मला वाटतंय मीच चुकतेय." चुकत नव्हत्या. बावीस पाकिटांवर 'वजनातील फरक' म्हणून जादा कुरिअर खर्च कापला होता. साइटच्या गोदामातल्या मशीननं अर्धा किलोचं पाकीट एक किलोच्या वरच्या टप्प्यात टाकलं होतं. वहिनींनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर खोक्यासकट पाकीट ठेवलं, ५८६ ग्रॅम भरलं, मोबाईलवर फोटो काढला आणि तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी ठरीव उत्तर आलं, आपली तक्रार तपासण्यात आली असून ग्राह्य धरण्यात आलेली नाही. खाली कुणाचं नाव नाही, फोन नंबर नाही. परत टाकली, परत तेच उत्तर, स्वल्पविरामासकट.

आण्णांच्या काट्यावर माल कमी भरायचा, वहिनींच्या काट्यावर जास्त. तीस वर्षांत फरक पडला तो इतकाच. आणि हो, आण्णांना निदान काट्यावरच्या माणसाचं तोंड दिसत होतं. पुढच्या हंगामात त्याच साइटवर हळद शोधली की पहिल्या दोन ओळींत साइटच्या घरचाच ब्रँड दिसायला लागला, १४९ रुपयांना. वहिनींचं पाकीट तिसऱ्या पानावर. वर यायचं असेल तर जाहिरात घ्या, असा मेसेज मात्र न चुकता येतो.

भाचा यावर जरा गप्प झाला. मग म्हणाला, मग काय सगळ्या कंपन्या मोडायच्या? मी कुठं म्हटलं मोडा. मोठं असणं हा आपल्या कायद्यातही गुन्हा नाही. २००२ चा स्पर्धा कायदा वर्चस्वाच्या गैरवापराला हात घालतो, वर्चस्वाला नाही, आणि ते बरोबरच आहे. स्वस्त अँड्रॉइड फोन आले नसते, २०१६ ला जिओमुळं डेटा स्वस्त झाला नसता, तर वहिनींनी धंदा सुरूच केला नसता. माझं म्हणणं फक्त काट्यापुरतं आहे. ज्याचा माल आहे किंवा ज्याला माल घ्यायचाय, त्याच्या हातात काटा नको.

आणि असं करता येतं, हे आपणच करून दाखवलंय. विश्रामबागला मी ज्याच्याकडनं भडंग घेतो त्याच्या काउंटरवर दोन साउंडबॉक्स आहेत, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे. एकाचा आवाज मोठा आहे म्हणून तो बाहेरच्या बाजूला. यूपीआयच्या व्यवहारांत फोनपे आणि गूगल पे मिळून ऐंशी टक्क्यांच्या आसपास जातात, तेव्हा इथंही दोघांचंच राज्य आहे. कुणा एकाकडं तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नकोत, हा नियम २०२० मध्ये ठरला, तो पुढं ढकलत ढकलत २०२६ अखेरपर्यंत आणलाय. तरीही मला या दोघांची तेवढी भीती वाटत नाही. कारण पैसे मोजणारा काटा त्यांचा नाही, तो बँकांनी मिळून उभारलेल्या एनपीसीआय या संस्थेचा आहे. भडंगवाल्याचं एकाशी बिनसलं तर तो डबा काढून ठेवील, दुसऱ्याचं स्टिकर लावील, बँकेतलं खातं तेच आणि गिऱ्हाईकही तेच. माझ्या फोनमध्ये कुठलं ॲप आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

व्हॉट्सॲपचं तसं नाही, ते आमच्या भावकीनं गेल्या वर्षी अनुभवलं. स्वदेशीचं वारं आलं, सगळ्यांनी अरट्टाई हे देशी मेसेजिंग ॲप घेतलं, धाकट्या चुलत्यांनी तिथं नवा ग्रुप काढला. चार दिवस सुप्रभात झालं. पाचव्या दिवशी बारशाचं आमंत्रण जुन्या ग्रुपवर पडलं आणि सगळे गुमान परत. अरट्टाई वाईट होतं असं अजिबात नाही. पण भटजी, गॅसवाला, सोसायटीचा सेक्रेटरी सगळे इकडं. इकडनं तिकडं मेसेज पाठवायची सोय असती, जशी एका कंपनीच्या सिमवरनं दुसऱ्या कंपनीच्या सिमला फोन लागतो, तर चुलत्यांचा ग्रुप टिकला असता. युरोपनं आपल्या कायद्यात मेसेजिंगवाल्यांवर तसं बंधन घातलंय. आपल्याकडं बड्या कंपन्यांना आवर घालायच्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला. विरोध करणाऱ्यांत परदेशी कंपन्या होत्याच, पण काही देशी कंपन्यांनाही तो खुपला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. झोन आपल्या माणसाचा असला म्हणून ऊस जास्त भरत नाही.

हे सगळं मी फेसबुकवर लिहितोय, हे मला कळतंय. याच कंपनीनं २०१२ ला इन्स्टाग्राम एक अब्ज डॉलरला आणि २०१४ ला व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरला घेतलं. स्पर्धा करण्यापेक्षा विकत घेणं बरं, असं झुकरबर्ग यांनी २००८ लाच ईमेलमध्ये लिहिलं होतं. अमेरिकेच्या सरकारनं यावरनं खटला भरला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो हरलं. आता टिकटॉक, यूट्यूब असल्यामुळं मक्तेदारी सिद्ध होत नाही, असं न्यायाधीश म्हणाले. म्हणजे दहा-बारा वर्षांनी निकाल लागेपर्यंत बाजारच बदलून गेला. लायनीत उभ्या उसासारखं.

निघताना भाच्याला डायरी दाखवली. त्यानं पानं उलटली, दोन्ही रांगा बोट फिरवून वाचल्या, मोबाईलमध्ये वजाबाकी करत बसला. मग एका पानाचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला, जुन्याच. दहा मिनिटांत कोल्हापूरच्या आत्यांचा रिप्लाय आला, "आण्णांचं अक्षर किती सुंदर होतं रे."