कंत्राटी कामगाराचा कान कोण तपासणार?

चंद्रपूर असो, कोराडी असो की परळी, औष्णिक वीज केंद्राचा विषय निघाला की लोक राखेवर बोलतात. बोलायलाच हवं. पण आत राबणाऱ्यांचे कान जातात, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

मी मेंटेनन्सला आहे. वर कंट्रोल रूममध्ये काच आणि एसी, तिथलं ठीक. खाली झिरो मीटरला, म्हणजे तळमजल्यावर, बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या फीड पंपापाशी शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागतं. कोळसा दळणारी कोल मिल, कॉम्प्रेसर हाऊस, सगळीकडे तीच गत.

कान एका दिवसात जात नाही. आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचे, म्हणजे उंच पट्टीतले, आवाज जातात. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण शब्द लागत नाहीत. घरी टीव्हीचा आवाज वाढत जातो, बायको म्हणते, मुद्दाम लक्ष देत नाही. आतल्या कानाच्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

नियम आहेत की! 90 डेसिबल आवाजात दिवसाला जास्तीत जास्त 8 तास, 95 ला 4, 100 ला 2. कायद्यातल्या अधिसूचित, म्हणजे सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या, रोगांच्या यादीतही हा बहिरेपणा आहे. मग केसेस का दिसत नाहीत? मी पाहिलंय ते असं: तपासणीला बोलावतात कायम कामगारांना, आणि मशिनपाशी दिवसभर उभा असतो कंत्राटी हेल्पर. ठेकेदार बदलला की गेट पास बदलतो, आधीचा रेकॉर्ड गायब. कामाला लागताना कान कसा होता याचा कागदच नाही, तर भरपाई मागताना तो सिद्ध काय करणार?

तपासणी होते तीही ड्यूटी संपताच, शेजारी एक्झॉस्ट फॅन चालू असताना. त्याआधी कानाला निदान 14 तास शांतता लागते.

आणि इअरप्लग वाटले म्हणजे झालं, हे मला मान्यच नाही. फोमचा प्लग बारीक वळायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग आत घालून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. कोळशाने माखलेल्या हातांनी? निम्मे प्लग बाहेरच लोंबत असतात. दुरुस्तीसाठी काढलेली मशिनवरची आवाजरोधक पॅनेल्स आधी परत बसवा.

निविदेतच लिहा: कामावर घेताना आणि दरवर्षी प्रत्येक कंत्राटी कामगाराची ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), खर्च मुख्य कंपनीचा, रिपोर्टची प्रत कामगाराच्या हातात. तोवर कंत्राटी भावांनो, तपासणी झालीच तर झेरॉक्स मागून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढचा ठेकेदार कुणीही येवो, तो कागद तुमच्याकडेच राहू द्या.