चुंबक, लिंबू आणि रोमन नाणं : एका फिरत्या मेसेजची तपासणी

जुन्या नाण्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत अधूनमधून एक मेसेज फिरत असतो. शब्द बदलतात, मजकूर साधारण असा : “घरात रोमन राजाचं नाणं आहे? २००० वर्षं जुनं, म्हणजे किंमत कोटीत. चुंबकाला चिकटलं नाही तर अस्सल. चेहरा गूगलवर जुळवून राजा ओळखा. चिंच-लिंबाने चमकवा आणि फोटो पाठवा, परदेशी ग्राहक तयार आहे.” यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. काही वाक्यांनी नाण्याचं नुकसान होतं, शेवटच्याने तुमचं.

“२००० वर्षं जुनं, म्हणजे कोटीत”

२०१० मध्ये इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात फ्रोमजवळ एकाच मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी सापडली. या अख्ख्या साठ्याचं मूल्यांकन झालं ३,२०,२५० पौंड, म्हणजे नाण्यामागे सरासरी सहा पौंड. त्यातही ब्रिटनमध्ये स्वतःला सम्राट म्हणवणाऱ्या कॅरॉसियसची काही दुर्मिळ चांदीची नाणी होती. ती बाजूला काढली तर बाकीच्यांची सरासरी आणखी खाली येते. तिसऱ्या-चौथ्या शतकात महागाई वाढत गेली, तशा रोमन टंकसाळी हलकी तांब्याची नाणी बेसुमार पाडत गेल्या. कॉन्स्टंटाइनच्या काळातली, मागे दोन सैनिक आणि मधे ध्वज असलेली नाणी युरोपात आजही घाऊक ढिगाने विकली जातात.

किंमत ठरते ती दुर्मिळता, अवस्था आणि मालकीचा कागदोपत्री इतिहास यांवर. सम्राट पर्टिनॅक्स इ.स. १९३ मध्ये तीन महिनेही टिकला नाही, म्हणून त्याचा डिनेरियस (रोमनांचं चांदीचं नाणं) त्याच्यानंतरच्या सेप्टिमियस सेव्हेरसच्या डिनेरियसच्या कित्येक पट महाग. दोघांच्या वयात फरक मात्र जेमतेम काही वर्षांचा. सीझरच्या खुनानंतर ब्रूटसने पाडलेलं दोन खंजिरांचं सोन्याचं नाणं २०२० मध्ये लंडनच्या लिलावात ३२.४ लाख पौंडांना गेलं, कारण सोन्यात तशी तीनच नाणी ज्ञात आहेत. त्याचा मालकीचा इतिहास बनावट निघाला आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करावं लागलं.

“चुंबकाला चिकटलं नाही तर अस्सल”

चांदी, सोनं, कांसं चुंबकाला चिकटत नाही हे खरं. पण पितळ, जस्त, कथील आणि शिसंही चिकटत नाही, आणि बनावट नाणी बहुतेक याच धातूंची असतात. चुंबकात फक्त लोखंडाचा माल सापडतो, तोही अगदीच आळशी बनावटगिरीचा.

खरी सुरुवात वजनापासून. ऑगस्टसच्या काळात एका रोमन पौंडात ८४ डिनेरियस बसत, म्हणजे एकाचं वजन साधारण ३.८ ते ३.९ ग्रॅम. नीरोने इ.स. ६४ मध्ये पौंडात ९६ बसवले आणि वजन ३.४ ग्रॅमवर आलं. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरेल, पण ऑगस्टसचा ठसठशीत डिनेरियस २.७ ग्रॅम भरला तर थांबा.

पुढची पायरी घनतेची. तराजूवर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण ते तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. आता दिसणारा आकडा म्हणजे बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. ३.४० ग्रॅमच्या नाण्याला ०.३३ आलं तर घनता १०.३, म्हणजे चांगल्या चांदीची. ०.३८ आलं तर ८.९५, म्हणजे तांबं. फरक इतका बारीक असल्याने ०.०१ ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या काट्यावर उत्तर तीन टक्क्यांनी सहज चुकतं, म्हणून ०.००१ ग्रॅमचा काटा हवा. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडेही घनता कमी दाखवतात. पाण्यात साबणाच्या द्रावाचा एखादा थेंब टाकला की ते सुटतात.

घनता मधेच कुठेतरी, समजा ९.३ आली, तर तांब्याच्या गाभ्यावर चांदीचं पान चढवलेलं नाणं असू शकतं. ही फसवणूक रोमन काळातलीच, आणि तशी नाणीही लोक जमवतात. तिसऱ्या शतकातल्या ‘अँटोनिनियानस’ या नाण्याला मात्र ही चाचणी लावू नका. सम्राट गॅलिएनसच्या अखेरच्या काळात त्यातली चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेली होती.

मग दहापट भिंग. ओतीव बनावट नाण्यावर सुईच्या टोकाएवढे गोल खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत असतात आणि काठावर साच्याचा सांधा किंवा तो घासल्याच्या रेघा असतात. दोन नाण्यांचे तडे, काठाचा आकार आणि छाप सरकल्याची बाजू तंतोतंत जुळली तर संशय पक्का समजा. छाप उमटवणारा ठसा एकच असू शकतो, पण हातोड्याने पाडलेल्या दोन चकत्या हुबेहूब एकसारख्या होत नाहीत.

खऱ्या चांदीवर नव्या ठशाने पाडलेली बनावट नाणी या सगळ्यांतून सुटतात. तिथे अभ्यास कामी येतो. उदाहरणार्थ, इ.स. ६९ मध्ये तीन महिने राज्य केलेल्या ओथोच्या नावाने रोमच्या टंकसाळीने कांस्य नाणी पाडलीच नाहीत. कुणी ओथोचा देखणा रोमन ‘सेस्टर्शियस’ (मोठं कांस्य नाणं) दाखवला, तर सोळाव्या शतकातल्या इटलीच्या पादुआ शहरातल्या कारागिरांच्या नकला आठवाव्यात.

“चेहरा जुळवा, राजा ओळखा”

ऑगस्टस पंचाहत्तराव्या वर्षी वारला, नाण्यांवर शेवटपर्यंत तरुणच राहिला. ट्रेजनच्या सुरुवातीच्या नाण्यांवरचा चेहरा आधीच्या नर्व्हाकडे झुकतो. डायोक्लेशियनच्या चौघांच्या राजवटीत तर चारही राज्यकर्ते चौकोनी डोक्याचे, आखूड दाढीचे. फरक फक्त नावात. शिवाय चेहरा ज्याचा, काळ त्याचाच असंही नाही. टायबेरियसने देव झालेल्या ऑगस्टसची नाणी पाडली, आणि डेसियसने इ.स. २५०च्या सुमारास जुन्या सम्राटांची अख्खी मालिका काढली. नाण्यावर कोरलेल्या लेखात ‘दिवुस’, म्हणजे देव झालेला, असेल तर तो सम्राट तेव्हा हयात नव्हता.

म्हणून लेख वाचा. लॅटिनमधला ‘यू’ नाण्यावर ‘व्ही’सारखा कोरतात. नावानंतर पदव्या आणि कॉन्सलपदाचा (रोममधलं सर्वोच्च वार्षिक पद) आकडा येतो, म्हणजे ते कितव्यांदा घेतलं. ट्रेजनच्या नाण्यावर पाचवं कॉन्सलपद असेल तर ते इ.स. १०३ ते १११ मधलं, सहावं असेल तर ११२ नंतरचं. हेड्रियन इथे त्रास देतो, कारण ११९ नंतर त्याने कॉन्सलपद घेतलंच नाही. मग मागची बाजू आणि पदव्यांचा क्रम पाहावा लागतो. ‘ओसीआरई’ या मोफत ऑनलाइन कोशात वाचता आलेली अक्षरं टाकली तरी शोध बराच आवळता येतो.

महाराष्ट्रात एक गोंधळ हमखास होतो. क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यावर उजवीकडे पाहणारा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरं असतात. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला अशी तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप मारली होती. नाणं दोन ग्रॅमच्या आसपास असेल आणि मागे बाण, वज्र आणि ब्राह्मी अक्षरं असतील, तर ते रोमन नाही. अस्सल नहपान काही कमी मोलाचा नसतो, ही वेगळी गोष्ट. उलट सम्राटाच्या गालावर छिन्नीचा घाव आहे म्हणून सोन्याचं नाणं खोटं ठरवू नये. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईला १८९८ मध्ये सापडलेल्या रोमन सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर असे घाव आहेत.

“चिंच-लिंबाने चमकवा”

मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य हेच. जमिनीत पडलेल्या कांस्य नाण्याचा मूळ पृष्ठभाग, केसांच्या बटा, अक्षरांच्या कडा हे सारं हिरव्या-तपकिरी थरातच टिकलेलं असतं. आम्लाने तो थर गेला की खाली खड्डे पडलेलं गुलाबी तांबं उरतं. चौथ्या शतकातल्या नाण्यांवर चांदीचा नावापुरता मुलामा असतो, तो घासताक्षणी जातो. जुनी चांदीही ठिसूळ झालेली असते, तिला ब्रशचा जोर सोसत नाही.

नाणं काचेच्या बरणीत डिस्टिल्ड पाण्यात ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. काम काही आठवड्यांचं आहे. सुटलेली माती भिंगाखाली लाकडी टूथपिकने काढा, गुळगुळीत थर लागला की थांबा. फिकट हिरवी भुकटी नखाने निघते आणि काही दिवसांत परत येते, तर तो कांस्यरोग : क्लोराइड आणि दमट हवेची करणी. ते नाणं वेगळं काढून सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या ५ टक्के द्रावणात, द्रावण बदलत, काही आठवडे भिजवा. मग डिस्टिल्ड पाण्यात धुऊन पूर्ण कोरडं करा.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांमुळे नाण्यावर चिकट हिरवट थर येतो. तो शुद्ध अॅसिटोनने निघतो, नेलपॉलिश रिमूव्हरने नको. अॅसिटोन वापरताना खिडकी उघडी आणि गॅस बंद.

“परदेशी ग्राहक तयार आहे”

१९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. जमिनीत सापडलेलं असेल तर १८७८चा निखात निधी कायदा लागू होतो : दहा रुपयांहून जास्त मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. फोटो पाठवल्यावर हा ‘ग्राहक’ आधी ‘नोंदणी शुल्क’ मागतो, मग ‘जीएसटी’, मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्र येतं. जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आपण नाही, त्यासाठी शुल्क घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे.